वळण येईपर्यंत

"टोपी कशी हलवली गं त्यानं!" किमचू नाक पुसत म्हणाली. "मला तर बाई बघवेना. तू बघितलंस ना?"

सोलिअननं मान हलवली. हो म्हणून हलवली, आणि हलवता हलवताच तिच्या लक्षात आलं की आपण टोपी बघितलेली नाही. टोपी नाही, हात नाही, खिडकी नाही, त्या खिडकीतला पोरगाही नाही. पहिला अंक संपला होता, नाट्यगृहातले दिवे लागले होते, माणसं एकमेकांचे गुडघे ओलांडत चहाकडे निघाली होती, आणि जिच्या एका आठवणीवर हा सगळा प्रवेश उभा केला होता ती ऐंशीला टेकलेली म्हातारी पहिल्या रांगेत मधोमध बसून काहीच न बघता राहिली होती. गाडी आली हे तिला कळलं होतं. शिट्टी ऐकू आली होती, खोटा धूर नाकात गेला होता. गाडी सुटली हेही कळलं, कारण शेजारी किमचूनं हुंदके द्यायला सुरुवात केली. पण त्या सगळ्या वेळात सोलिअनची नजर खाली होती. रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात वादक बसले होते, त्यांच्या डोक्यांवर एक बारीक पांढरी काठी हलत होती, आणि ती काठी तिच्या नातीच्या हातात होती.

"तुझा तो असाच दिसायचा का गं? इतका गोरा?" किमचूनं पिशवीतून पेरूच्या फोडींचा डबा काढला. ती गल्लीतली शेजारीण, मूळची डोंगराकडची, त्यामुळे तिनं ते स्टेशन कधी पाहिलं नव्हतं. पण सोलिअनची गोष्ट तिला सोलिअनपेक्षा जास्त पाठ होती.

"मिठागरावरचा पोरगा कुठला गोरा असायला."

"मग सांगायचं नाहीस का त्यांना, पावडर जरा हात राखून लावा म्हणून? आणि नाक? नाक असंच होतं?"

"असंच म्हणजे?"

"असंच म्हणजे असंच, सरळ. आता ते काय मी काढून दाखवू?"

सोलिअन हसली आणि तिनं एक फोड उचलली. नाक कसं होतं ते तिला सांगता आलं नसतं. गेली साठेक वर्षं सांगता आलं नसतं, पण कुणी इतकं सरळ विचारलंही नव्हतं. फोडीवरची सुक्या आलुबुखारची पूड जिभेला आंबट लागली. आजूबाजूला सगळी तिच्याच वयाची किंवा तिच्याहून थोडी धाकटी डोकी होती, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या शेजारी सांभाळायला आणलेली बाई, आणि सगळ्यांचे डोळे पुसून पुसून लाल झालेले. 'मिठागरावरचा वारा' हे त्या संगीत नाटकाचं नाव. लढाईच्या काळातली गाणी, जुनी तबकडी घासून ऐकावीत तशी एकामागून एक, आणि ती गाणारी आजची पोरं, आजीच्या काळचे कपडे घालून, आजीच्या काळचे केस वळवून. तैनान शहरात तीनच प्रयोग होते. पेइरोंगनं, म्हणजे तिच्या नातीनं, दोन वर्षं त्यापायी जिवाचं रान केलं होतं. बाजारात जुन्या तबकड्या शोधल्या, म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बसली, त्यांच्याकडून चाली गाऊन घेतल्या. आणि मध्यंतराच्या आधीचा हा निरोपाचा प्रवेश तर तिनं आजीचाच घेतला होता. स्टेशनच्या फलाटावर मुलींचं गायनपथक, पुढे एकटीची ओळ म्हणणारी एक मुलगी, तिचं नावसुद्धा सोलिअनच. आणि गाडीच्या खिडकीत एक मुलगा, जो गाडी वळणाआड जाईपर्यंत टोपी हलवत राहतो.

ती टोपी सोलिअननंच त्याच्या हातात दिली होती. पेइरोंग सात-आठ वर्षांची असेल तेव्हा. गोवर आला होता, अंगभर पुरळ, खोलीत अंधार केलेला, आणि तापात ती गोष्ट सांग गोष्ट सांग करत होती. सोलिअनला राजाराणीच्या गोष्टी येत नव्हत्या. तिनं फलाटाची सांगितली. आणि मुलीनं विचारलं, "मग त्यानं तुला टाटा केलं?" आता तापलेल्या पोराला काय सांगायचं? "हो," ती म्हणाली, "वळण येईपर्यंत." मुलगी समाधानानं झोपून गेली. पुढं कधी तरी पुन्हा सांगताना टोपी आली, मग ती टोपी डाव्या हातात आली, मग तो हसत होता हेही आलं. खोटं बोलतो आहोत असं कधी वाटलं नाही. भातात जरा जास्त पाणी घालावं इतकंच. आणि आता ते सहाशे लोकांपुढं वाढलं गेलं होतं आणि लोक डोळे पुसत होते, आणि तिला स्वतःला मात्र त्यातला घाससुद्धा मिळाला नव्हता.

दुसरा अंक तिनं कसाबसा काढला. त्यात सगळी नाचाची गाणी होती, किमचू मांडीवर ताल धरत होती. सोलिअन मुद्दाम नर्तकींच्या पायांकडे बघायची, रंगीत दिव्यांकडे बघायची, आणि दोन ओळी होतात न होतात तोच तिला आढळायचं की नजर पुन्हा उतरून काठीच्या टोकावर जाऊन बसली आहे. माशी हाकलावी आणि तिनं त्याच जागी येऊन बसावं तसं. असं कुणी शिकवलं होतं तेही तिला माहीत होतं. निशिओका मास्तरांनी.

तेव्हा बेटावर राज्य जपान्यांचं होतं आणि सोलिअनला शाळेपुरतं एक जपानी नाव होतं, ते घरी कुणाच्या तोंडात बसत नसे. निशिओका मास्तर संगीत शिकवायचे. त्यांची काठी म्हणजे स्वयंपाकातली लांब बांबूची काडी, तासून पांढरा रंग दिलेली. टोकाशी रंगाचा एक टवका उडाला होता. त्यांच्या उजव्या मनगटाच्या हाडावर मसुराएवढा तीळ होता आणि काठी वर गेली की तो बाहीतून बाहेर येई. हे सगळं तिला आजही कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. मास्तर मारत नसत, ओरडतही नसत. मुलगी अर्धी मात्रा आधी आली की ते काठी खाली घेत आणि सगळ्या वर्गाला थांबवून तिच्याकडे इतक्या दुःखी चेहऱ्यानं बघत की त्यापेक्षा दोन छड्या परवडल्या. "डोळे काठीवर," एवढंच म्हणत. "गळा आपोआप येतो." सोलिअनचा गळा पथकात सगळ्यात चांगला होता. पण ती आधी यायची. ओढच होती तशी, शब्द तोंडात यायच्या आधीच सूर निघायचा. म्हणून मास्तरांनी तिलाच एकटीची ओळ दिली आणि महिनाभर तिच्याकडून ती ओळ घोटून घेतली, तिला डोळे काठीवरून हलवू न देता.

गाणं तिला आधीपासून येत होतं. 'मिठागरावरचा वारा' हे मूळचं आपल्या भाषेतलं प्रेमाचं गाणं, संथ, रडवं, बायका कपडे धुताना म्हणायच्या. लढाई पेटल्यावर त्याच चालीवर जपानी शब्द बसवले, लय दुप्पट केली, आणि त्याचं सैनिकांना निरोप द्यायचं कूचगीत झालं. मूळ गाणं तिनं ऐकलं होतं स्टेशनसमोरच्या फोटो स्टुडिओत. तिथं एक हातानं चावी द्यायची ग्रामोफोन पेटी होती, गिऱ्हाइकांचे चेहरे जरा सैल पडावेत म्हणून ठेवलेली. बुनसिंग त्या स्टुडिओत कामाला होता. मिठागरावरच्या माणसाचा मुलगा, तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, खांद्यावर सदैव काळं कापड. शाळेतून येताना ती दारात उभी राहायची आणि तो म्हणायचा, "चावी दे, ऐकायला मिळेल. फुकटात नाही." मग ती चावी द्यायची, आणि तो आतल्या लाल दिव्याच्या खोलीत जाऊन फोटो धूत बसायचा, आणि गाणं संपलं की आतून ओरडायचा, "मेली का गं?" म्हणजे पेटी. ती पुन्हा चावी द्यायची. त्यांच्यात झालं म्हणजे इतकंच झालं. कुणी कुणाचा हात धरला नाही. पण तो आतल्या खोलीत आणि ती बाहेर, मध्ये ते संथ गाणं आणि औषधांचा आंबूस वास, हे तिला पुढं कुठल्याच संसारात मिळालं नाही.

गावातली जी जी पोरं लढाईवर गेली त्यांचे फोटो बुनसिंगनं काढले. नवा गणवेश, छातीवर तिरका पट्टा, मागे पडद्यावर रंगवलेलं सरोवर. घरच्यांसाठी मागे ठेवायचा फोटो. त्याची स्वतःची पाळी आली तेव्हा मालकानं त्याचा काढला, तो त्याच्या आईकडे होता, आणि पुढं विमानांनी बॉम्ब टाकले त्यात ते घर गेलं, आई गेली, फोटोही गेला. जन्मभर लोकांचे चेहरे राखून ठेवणाऱ्याचा स्वतःचा चेहरा कुठंच उरला नाही. जायच्या आदल्या दिवशी ती दारात उभी राहिली तेव्हा तो काळं कापड घडी करून ठेवत होता. म्हणाला, "उद्या तूच आहेस ना पुढं? एकटीची ओळ?"

"मीच."

"मी डाव्या बाजूच्या खिडकीत उभा राहीन. घुसेन कसाही. बघ हं."

"बघेन की."

"नाही, तसं नाही. गाताना बघ. गाणं झाल्यावर सगळेच बघतात."

दुसऱ्या दिवशी फलाटावर मुलींचं पथक गाडीकडे तोंड करून उभं होतं आणि मास्तर गाडीकडे पाठ करून. त्यांच्या मागे डबा, डब्याच्या खिडक्या, खिडक्यांत पोरं. त्यांच्या खांद्यावरून नजर बोटभर वर उचलायची होती. बोटभरच. गाडीनं शिट्टी दिली, कागदी झेंडे सळसळले, वाजंत्री सुरू झाली, आणि सोलिअनच्या मनात आलं, आज मी आधी येणार. तिनं डोळे काठीवर रोवले. काठी खाली आली, तीळ बाहीत गेला, आणि ती बरोबर जागेवर आली. असा सूर तिला पुन्हा कधी लागला नाही. खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी फार आनंद झाला होता, हे तिनं ना गोवरातल्या पोरीला सांगितलं, ना नवऱ्याला, ना देवळातल्या देवीला. आपला आवाज अख्ख्या फलाटावर पसरलाय आणि मागच्या तीस मुली आपल्या मागे चालत येतायत, हे तिला इतकं आवडलं होतं की शेवटची ओळ संपून मास्तरांनी काठी खाली घेतली, आणि त्यांनी हलकेच, फक्त तिच्यासाठी, मान डोलावली, तेव्हाही ती त्यांच्याच तोंडाकडे बघत होती. मग तिनं वर पाहिलं. गाडीचा शेवटचा डबा वळणाआड जात होता.

त्याचं जहाज कुठं बुडालं तेही धड कळलं नाही. अस्थींची म्हणून पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी आली, तिच्यात नुसती नावाची लाकडी पट्टी. मग लढाई संपली, जपानी गेले, दुसरे राज्यकर्ते आले, आणि ते कूचगीत गायलो होतो असं कुणी तोंडातून काढेना. लग्न झालं. नवऱ्याचं लोखंडी सामानाचं दुकान, माणूस भला, मितभाषी. रेडिओवर कधी ती चाल लागली तर तो न बोलता उठून आवाज बारीक करी. तिच्यासाठी करी की स्वतःसाठी, हे त्यांनी कधी एकमेकांना विचारलं नाही.

पहिल्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेइरोंग कोपऱ्यावरून मासळीची पेज घेऊन आली आणि टेबलावर वाट्या मांडता मांडताच आजीला म्हणाली, "आमा, आता खरं सांग. काल कसं झालं?"

"छान झालं."

"छान म्हणजे काय? तू भात शिजला तरी छान म्हणतेस. खिडकीचं कसं झालं?"

"तेही छान."

"टोपी डाव्या हातात दिलीय मी. तो बिचारा उजखोरा, सारखा विसरायचा. म्हटलं, नाही, माझी आमा डावा म्हणालीय म्हणजे डावाच."

सोलिअन पेजेतलं आलं बाजूला काढत राहिली. या मुलीला तिनंच बाजाच्या पेटीवर बसवलं होतं, तिनंच शेजारी बसून रोज घोटून घेतलं होतं. मात्रा चुकली की पुन्हा पहिल्यापासून. सून कुरकुरायची, पोर रडायची, पण सोलिअनचा हेका सुटला नव्हता. आज त्याच पोरीच्या हाती काठी होती आणि अख्खं नाट्यगृह तिच्याकडे बघून श्वास घेत होतं. अभिमान वाटायला हवा होता आणि वाटतही होता.

"आज मला दुसरीकडे बसव," ती म्हणाली. "तू दिसणार नाहीस अशी जागा बघ."

पेइरोंगचा चमचा थांबला. "मी दिसणार नाही अशी? का गं? इतकी वाईट दिसते मी मागून?"

"तुझ्यावरच डोळे जातात माझे. नाटक राहतं बाजूला."

हे खरंच होतं, म्हणून पोरगी खुलली. "वेडीच आहेस. वरच्या सज्जात अगदी कडेला खांबाआडची एक जागा आहे, ती कुणी घेत नाही. तिथून मी दिसत नाही, पण अर्धा रंगमंचही दिसत नाही हं."

"अर्धा पुरे."

कुठला अर्धा, हे विचारायचं तिला सुचलं नाही. तीच तर चूक झाली. दुपारच्या खेळाला किमचूला खाली सोडून ती जिने चढून वर गेली, धापा टाकत त्या खुर्चीत बसली. खांबानं खड्डा झाकला होता, काठी दिसत नव्हती, मोकळं वाटलं. मग प्रवेश आला, धूर आला, आणि गाडी ढकलत आणली ती थेट तिच्या पायाखाली. ती डाव्या बाजूच्या सज्जात, गाडीही डाव्या बाजूला. तिला वरून डब्याचं टप दिसत होतं, लाकडी फळ्या, एक खिळा वर आलेला. खिडकी खाली कुठं तरी. आज तरी बघू म्हणून गुडघ्यांना हात लावत ती इतके जिने चढली होती, आणि तो होता तिच्या पायाखाली, टपाच्या आड. तिला स्वतःचीच कीव आली, थोडं हसूही आलं. आणि मग समोर बघण्यावाचून काही उरलं नाही म्हणून तिनं समोर पाहिलं.

समोर फलाट होता. मुली ओळीनं उभ्या होत्या, झेंडे घेऊन, आणि पुढं ती, नाटकातली सोलिअन. गोल चेहऱ्याची, दोन वेण्यांची, वीस-बावीसची पोर. खिडकीतला मुलगा जसा तिला बघत असेल तशीच ती इथून दिसत होती. पोरीनं मान उचलली, हात उंचावला, चेहऱ्यावर निरोपाचं हसू आणलं, सगळं शिकवल्याप्रमाणे. फक्त डोळे खिडकीकडे नव्हते. डोळे खाली, तिरके, अंधारात कशावर तरी रोवलेले होते. कशावर, हे सोलिअनला न दिसताही माहीत होतं. पोरीची एकटीची ओळ जवळ येत होती, तिच्या गळ्याची शीर ताठ झाली होती, आणि तिची सगळी माया, सगळी भीती त्या अंधारातल्या काठीवर गोळा झाली होती. टपाच्या कडेखालून टोपी बाहेर आली, हलली. पोरीनं ती बघितली नाही. तिचं तोंड उघडलं आणि सूर लागला, अगदी जागेवर, आणि तिच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरलं. त्या समाधानाचा खिडकीतल्या माणसाशी काही संबंध नव्हता.

म्हणजे असं दिसलं त्याला. सोलिअननं कठड्याचा गज धरला. इतकी वर्षं तिला एकच रुखरुख होती, आपण त्याला बघितलं नाही. तो आपल्याला बघत होता, हे तिच्या मनातच आलं नव्हतं कधी. तो घुसला असेल खिडकीपर्यंत, चार जणांच्या बरगड्यांत कोपर मारून, आणि तिथून त्यानं बघितलं असेल हे तोंड, हे उघडं, खूष, दुसरीकडे लागलेलं तोंड. जन्मभर चेहरेच बघत आलेला माणूस. कुणाचं लक्ष भिंगाकडे आहे आणि कुणाचं नाही, हे त्याला काय कळत नव्हतं? हा शेवटचा चेहरा तो बरोबर घेऊन गेला. खाली लोक रडत होते, टोपी अजून हलत होती, आणि सोलिअनला वाटलं की ओरडून त्या पोरीला सांगावं, अगं सटवे, बोटभर. फक्त बोटभर.

खेळ संपल्यावर ती रंगपटाच्या बोळात जाऊन उभी राहिली. पेइरोंग घामानं निथळत आली, हातात काठी, गळ्याचं बटण सुटलेलं.

"त्या पोरीला सांग," सोलिअन म्हणाली, "त्याच्याकडे बघ म्हणावं."

"कुठल्या पोरीला?"

"तुझ्या सोलिअनला. गाताना त्याच्याकडे बघायला सांग."

"आमा, ते नाही जमायचं." पेइरोंग हसली. "तिची एकटीची ओळ आहे. माझ्यावरची नजर काढली की ती चुकणार, आणि मागचे सगळे तिला धरून येतात, म्हणजे सगळेच चुकणार."

"चुकू दे."

"चुकू दे?" पेइरोंगनं तिच्याकडे बघितलं. "हे तू सांगतेस? मात्रा चुकली म्हणून मला पाच पाच वेळा पहिल्यापासून वाजवायला लावणारी तू? माझ्या वाढदिवसाला लावलं होतंस, पाहुणे बसले होते!"

"तेव्हा मला अक्कल नव्हती."

ती हे हसत म्हणाली, पण ते हसू नीट बसलं नसावं, कारण पेइरोंगचं हसू हळूहळू गेलं. तिनं हातातल्या काठीकडे पाहिलं, मग आजीकडे. "आमा, त्या दिवशी तू..." एवढं म्हणून ती थांबली. बोळातून कुणी तरी कपड्यांची गाडी ढकलत नेली, दोघींनी भिंतीला चिकटून वाट दिली.

"किमचू खाली ताटकळली असेल," सोलिअन म्हणाली. "नाही गेलं तर बोलून बोलून पिसं काढेल."

रविवारचा खेळ शेवटचा. पेइरोंगनं तिला पुन्हा पहिल्या रांगेत बसवलं, या वेळी विचारलं नाही. किमचूनं नवा रेशमी रुमाल आणला होता, म्हणाली आज मी तयारीनं आलेय, आज रडून घेते, पुन्हा कुठला मेला असा खेळ लागायला. प्रवेश आला. धूर आला, गाडी आली, शिट्टी झाली. सोलिअननं ठरवलं होतं, घरून निघतानाच ठरवलं होतं. तिनं मान मुद्दाम वर धरली. समोर खिडकीची चौकट दिसली, पिवळा उजेड दिसला, चौकटीवर टेकलेली कुणाची तरी बोटं दिसली. वाजंत्री चढत गेली. ओळ आली. आणि नेमक्या त्या जागी, जिथं काठी उसळून खाली यायची, तिथं डोळ्यांच्या कडेला काही तरी व्हायचं थांबलं.

तिनं खाली पाहिलं. पेइरोंगनं काठी खाली घेतली होती. हात अंगालगत सोडून ती उभी होती, काळ्या कपड्यावर तो पांढरा हात. वादक गोंधळून तिच्याकडे बघत होते आणि आपापल्या अंदाजानं वाजवत होते. वर रंगमंचावर क्षणभर कुणाचाच सूर निघाला नाही. मग एक आवाज आला, उशिरा, कापरा, आणि त्याच्यामागे बाकीचे एकेक करून, वाट चुकलेल्या माणसांसारखे पुढंमागं. पोरगी बघत असणार. काठीच नाही म्हटल्यावर दुसरीकडे बघणार कुठं? सोलिअनला तिचा सूर ऐकून कळत होतं की ती बघते आहे, असा फाटका सूर दुसऱ्या कशानं येत नाही. शेजारी किमचूनं "अगं बाई" म्हणून तिचा दंड घट्ट धरला. मागच्या रांगांतून कुणी हुंदका दिला, कुणी नाक शिंकरलं. वर आता टोपी हलत असणार. बोटभर वर बघायचं होतं.

पण तो हात खाली होता. तिच्यासाठी खाली होता. तिनं त्याला पेटीवर ठेवायला शिकवलं होतं, चुकला म्हणून टिचकी मारली होती, गोवरात रात्रभर धरून ठेवलं होतं. काठीचं टोक कपड्याला लागून हलत होतं. सगळं नाट्यगृह त्या पोरीनं आजीपायी पणाला लावलं होतं, आणि त्या हातावरची नजर काढायची कशी? सोलिअन बघत राहिली. तो वर जाईल, आत्ता जाईल, म्हणून वाट बघत राहिली, श्वास धरून, जशी ओळीच्या आधी धरायची तशी. मग हात वर गेला, काठीनं सगळ्यांना गोळा करून घेतलं, सूर एकात एक मिळाले, आणि सोलिअननं मान वर केली. धूर विरत होता. फलाटावर मुली झेंडे घेऊन उभ्या होत्या आणि गाडी गेलेली होती.

टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या. खेळ संपल्यावर पेइरोंग समोरून, खड्ड्याच्या कठड्यावरून चढूनच आली, लोकांना न जुमानता, आणि तिच्या खुर्चीपुढं उकिडवी बसली. चेहरा घामानं आणि आणखी कशानं ओला झाला होता. कंपनीचा माणूस मागून तिला हाका मारत होता, बहुतेक रागानंच. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"आमा," तिनं विचारलं, "आज बघितलंस ना?"

"बघितलं."

"तो होता ना? नीट दिसला?"

"दिसला की."

पेइरोंगनं तिचे दोन्ही हात धरले. "वळण येईपर्यंत?"

"वळण येईपर्यंत," सोलिअन म्हणाली, आणि तिच्या गळ्याचं आजही सुटलेलं बटण लावून दिलं.